कलब्याच्या खाडीत रेखाची गरी

दुबई मरीनात मुलीकडे राहायला आले की संध्याकाळी मी पाण्याच्या कडेकडेनं चालते. काचेच्या इमारती पाण्यात उलट्या उतरलेल्या असतात आणि त्यांच्या मधून मोठाले राखाडी मासे तोंडं वर काढून फिरत असतात. कुणीतरी पाव कुस्करून टाकतं, पाणी एकदम खळबळतं. मासे धरायला मनाई असल्याची पाटी आहे. परवा मी कठड्यावरून वाकून तन्वीला विचारलं, "हा कुठला मासा गं?"

"अ फिश, आई," फोनमधून डोकं वर न काढता ती म्हणाली.

मला हसू आलं. लग्नाआधी मीही दुसरं काही सांगू शकले नसते. मी वाईची. आमच्याकडे मासा म्हणजे कृष्णेच्या घाटाशी येऊन कुरमुरे खाणारा कुणीतरी. त्याला नाव नव्हतं, चव तर नव्हतीच. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आणि तरीही माझ्या आयुष्यातले काही सगळ्यांत सुंदर शुक्रवार मी हातात गळाची काठी धरून, कोलंबीच्या वासानं माखलेल्या बोटांनी घालवले आहेत, हे तन्वीला सांगितलं असतं तर तिनं फोन नक्की खाली ठेवला असता.

म्हणून तसं काही न सांगता मी तिला म्हटलं, "उद्या मला कलब्याला ने."

कलबा इथून पार दुसऱ्या किनाऱ्यावर. मधे तपकिरी, कोरडे, भाजलेल्या मातीसारखे डोंगर. ते ओलांडून खाली उतरलं की आधी वास येतो. खारा, कुजका, हिरवा. गाडीची काच खाली केली तसा तो आत आला आणि मी डोळे मिटले. तिवरांचा वास. चिखलातून वर आलेल्या त्या बोटाएवढ्या मुळांचा, ओहोटीत उघड्या पडलेल्या शिंपल्यांचा वास. तन्वीनं नाक मुरडलं. मला मात्र त्या वासाआड डिझेलचा, वेलचीच्या चहाचा आणि रेखाच्या केसांतल्या खोबरेल तेलाचाही वास येत होता.

रेखा शारजात आमच्या समोरच्या दाराआड राहायची. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. रोला चौकाजवळची जुनी इमारत, खिडकीतल्या एसीचा रात्रंदिवस घरघराट, गॅलरीत कबुतरं. मी नव्यानं लग्न होऊन आलेली. माझा नवरा अनिल एका कंत्राटदार कंपनीत हिशेबाला. रेखा वेंगुर्ल्याची. तिचा नवरा सदानंद बंदरातल्या टगवर कामाला. मोठ्या जहाजांना ओढून आणायचं काम. दोन-दोन आठवडे तो पाण्यावरच असायचा. तिच्या घरातून माशाचा वास येई, आमच्या घरातून उदबत्तीचा, आणि जिन्यात दोन्ही वास एकमेकांना चुकवत उभे असत.

पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली ते मासळीबाजारात. मी भाजी घेऊन तिकडून चालले होते, ती एका हमूर माशाचे कल्ले उघडून बघत होती. बघता बघता विक्रेत्याला म्हणाली, "दो दिन का है, हबीबी." तो लगेच दुसरा मासा काढायला वळला. मी थांबून विचारलं, "कसं कळलं तुम्हाला?"

ती माझ्याकडे बघून हसली. "वैनी, माका मेललो मासो सगळो कळता. जितो मासो कसो आसता, ता माका म्हायत नाय."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. मला ते समजेना. मासेमारांच्या घरात जन्मलेल्या बाईला जिवंत मासा माहीत नसावा? हळूहळू तिनं सांगितलं. तिचे वडील, चुलते, भाऊ सगळे दर्यावर जाणारे. मासे आणायचे पुरुषांनी, विकायचे बायकांनी. बायकांनी होडीला पाय लावायचा नाही, जाळं ओलांडायचं नाही. पहाटे वाळूत टोपली घेऊन उभं राहायचं आणि धुक्यातून होड्या यायच्या तेव्हा त्यांत जे असेल ते मोजून घ्यायचं. "थयसर, पाण्याखाली काय चलता, ता कोण सांगीना," ती म्हणायची. "इचारलंय की बापूस म्हणा, तुका कित्या व्हया?"

तिच्या त्या प्रश्नाला शारजाच्या खाडीवर उत्तर मिळालं. तिथं संध्याकाळी इराणला जाणारी लाकडी गलबतं लागलेली असत. त्यांच्या पलीकडे धक्क्यावर गळ टाकून गरवणारी मंडळी बसलेली. कोकच्या डब्याला गळाची दोरी गुंडाळून बसलेला एक पठाण, बादली उपडी घालून बसलेले दोन मल्याळी, आणि लूर्देस नावाची एक फिलिपिनी बाई, जी रोल्याच्या सलूनमध्ये केस कापायची. कुणी कुणाला आडनाव विचारत नसे. विचारायचं ते एवढंच, "आज क्या मिला?" एकदा आम्ही दोघी तिथून जात असताना लूर्देसच्या हातात काठी बघून रेखा जी थांबली, ती मगरिबची बांग होईपर्यंत हललीच नाही. लूर्देसनं शेवटी तिच्या हातात काठी दिली. "यू होल्ड," ती म्हणाली.

रेखानं ती दोन्ही हातांनी धरली, पूजेला बसावं तशी. मग तिचा चेहरा बदलला. तिनं माझं बोट ओढून दोरीवर ठेवलं.

मला ते अजून आठवतं. ताणलेल्या दोरीतून बोटाच्या टोकाला लागलेला तो बारीकसा ठोका. एकदा, मग थांबून पुन्हा. न दिसणारं कुणीतरी दुसऱ्या टोकाशी होतं आणि ते तिकडून चाचपडून बघत होतं.

"कोण आसात गो?" रेखा पुटपुटली. दारावर कुणीतरी आल्यासारखं.

त्या संध्याकाळनंतर आम्ही दोघी खाडीच्या झालो. लूर्देसनं गाठ मारायला शिकवलं, कोलंबी गळाला शेपटीकडून कशी लावायची ते शिकवलं, आणि पुढे तिला कॅनडाचा व्हिसा मिळाला तेव्हा दोन काठ्या आमच्यासाठी ठेवून ती गेली. रेखाला त्या घरी ठेवायचं धाडस होईना. सदानंद काय म्हणेल, तिला ठाऊक नव्हतं. काठ्या आमच्या गॅलरीत केरसुणीमागे राहिल्या. अनिल म्हणाला, "आपल्या घरात गळ! वाईला कळलं तर तुझे वडील गंगेला पाठवतील तुला." पण शुक्रवारी सकाळी गाडी तोच काढायचा. त्याला गाडीत एसी लावून पेपर वाचायला मिळायचा आणि आम्ही बडबडायला नसायचो.

मला पहिला मासा लागला तो तळहाताएवढा, चंदेरी. मी त्याचं तोंड ओल्या बोटांनी मोकळं केलं आणि त्याला पाण्यात सोडून दिलं. मला वाटलं, किती छान वागले मी. रेखानं कपाळावर हात मारला.

"सोडलंस? अगो, पाप लागात!"

"पाप? जीव वाचवला तर पाप?"

"तोंड फाडलंस, भियवलंस, नि सोडलंस. खेळ केलंस त्याचो! त्यापरीस खाऊन टाकूचा."

यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. अजूनही मला ठरवता आलेलं नाही की आमच्या दोघींत कुणाचं खरं. मी सोडत राहिले, ती ठेवत राहिली. मात्र ठेवण्याआधी ती प्रत्येक मासा उलटासुलटा करून बघायची. पोटाकडचा रंग पाण्याबाहेर आल्यावर कसा विझत जातो, पर मिटताना काटे कसे आत जातात, डोळा कुणाकडे बघतो. "बाजारात ह्यो रंग कधी नाय बघलंय," ती हळूच म्हणायची. "हेंचो रंग वाटेतच मरता."

कलबा आम्हाला सापडलं ते असंच. पलीकडच्या किनाऱ्यावर खाडी आहे, झाडं आहेत, असं धक्क्यावरच्या पठाणानं सांगितलं. पाण्यात झाडं? वाळवंटात? मला खरं वाटेना. अनिलनं गाडी काढली. वाटेत मसाफीच्या शुक्रवार बाजारात गालिचे वाऱ्यावर लटकत होते. कागदी पेल्यातून दाट गोड चहा प्यालो, आणि डोंगर उतरून खाली आलो तर खरंच, खाऱ्या पाण्यात कमरेएवढी उभी हिरवी झाडं. रेखा गाडी थांबण्याआधी उतरली. एक पान तोडून तिनं जिभेला लावलं.

"ह्यो तर आमचो तिवर!" ती ओरडली. "ह्यो हय कसो इलो गो?"

त्या प्रश्नाचंही उत्तर आम्हाला कधी मिळालं नाही. तो कसा आला, आम्ही कशा आलो. फांदीवर निळा खंड्या बसला होता, आमच्या कृष्णेवरच्यापेक्षा जरा फिका. पाण्यात अगदी काठाला बोटाएवढ्या माशांची झुंड एकदम वळायची आणि वळताना चमकायची, कुणी आरसा फिरवावा तसं.

त्या काठावर अबू सालेम नावाचे एक म्हातारे गृहस्थ असायचे. पांढरी दाढी, डोक्याला ढिलं गुंडाळलेलं फडकं. तरुणपणी ते गलबतावरून मुंबईला जाऊन यायचे, त्यामुळे हिंदी बोलायचे. त्यांची होडी आम्ही पहिल्यांदा बघितली तेव्हा ती होडी आहे हेच कळलं नाही. खजुराच्या फांद्या सोलून, त्यांचे दांडे दोरीनं एकमेकांना बांधून केलेली ती एक लांबट मोळी होती. 'शाशा' म्हणायचे तिला. त्यांच्याशिवाय तिथं तसली होडी वापरणारं कुणी उरलं नव्हतं. बाकीच्यांकडे फायबरच्या होड्या आणि इंजिनं होती.

मग तो हिवाळ्यातला शुक्रवार. ओहोटी होती. रेखा आणि मी साड्या खोचून घोट्याएवढ्या पाण्यातून चालत खाडीच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर गेलो. अनिल गाडीत पेपर तोंडावर घेऊन झोपला होता. पलीकडे तिवरांच्या मुळांशी पाणी काळंभोर, खोल होतं. रेखानं गरी तिथं टाकली आणि आम्ही उभ्या राहिलो. वारा पडला. चिखलातून बुडबुडे येत होते, टप्, टप्. बराच वेळ काहीच नाही.

आणि मग काठी अर्धी वाकली.

दोरी करकर आवाज करत मुळांकडे धावली. रेखानं पाय वाळूत रोवले, काठी पोटाशी घेतली. मासा दिसत नव्हता; दिसत होती फक्त पाण्यात इकडून तिकडे जाणारी दोरी. मी बाजूला उभी राहून नुसती "सोडू नको, सोडू नको" म्हणत होते. मीच. आयुष्यभर सोडा म्हणणारी.

पाणी आमच्या गुडघ्यांना लागलं तेव्हा मला भरतीचं भान आलं. मागे वळून बघितलं तर आम्ही जिथून चालत आलो होतो तिथून आता पाणी वाहत होतं, हिरवं आणि जोरात. मी अनिलला हाका मारल्या. एसीच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार.

मला पोहता येत होतं. कृष्णेच्या डोहात पाठीला डबा बांधून आजोबांनी शिकवलं होतं. समुद्रावर जन्मलेल्या रेखाला येत नव्हतं. त्यांच्याकडे मुलग्यांना दर्यात फेकून शिकवत. मुलींना पाण्यात जायचंच नव्हतं, तर शिकवायचं कशाला?

"रेखा, दोरी तोड आता. चल."

"नाय."

"पाणी चढतंय!"

"बघतंय मी. पण कोण आसा ता तरी बघूक दी."

पाणी मांड्यांपर्यंत आलं. तेवढ्यात तिवरांच्या आडून अबू सालेमांची शाशा आली, ते मागे उभे राहून लांब काठीनं ती ढकलत होते. "अरे बहन, पानी बढ़ रहा है! यल्ला, बैठो, बैठो!"

मी चटकन चढले आणि हात पुढे केला. रेखा जागची हलली नाही. काठी छातीशी, ओलं लुगडं पायांना चिकटलेलं, आणि चेहरा पांढराफटक.

"मी होडयेक पाय लावचंय नाय, वैनी."

"काय बोलतेस तू?"

"घोव दर्यात आसा माजो. माजो पाय होडयेक लागलो, नि तेका थय काय झाला तर..." तिचा घोव, सदानंद, तेव्हा टगवर होता.

मी तिला वेडी म्हणू शकले असते. पण अशा वेळी समजुतीचे शब्द किती पोकळ असतात, ते त्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईकडे बघून मला कळलं. मी खाली मान घातली. आणि मला दिसलं की माझ्या पायांशी पाणी आहे. खजुराच्या दांड्यांच्या फटींतून समुद्र सरळ आत येत होता आणि सरळ बाहेर जात होता. एक एवढासा खेकडा त्या दांड्यांवरून निवांत तिरपा चालला होता.

"रेखा," मी म्हटलं, "हे बघ. ह्यात पाणी आहे. बाहेर आहे तसंच आत आहे."

तिनं बघितलं. त्या अवस्थेतसुद्धा तिच्या डोळ्यांत ते आलंच, ते जे बाजारात कल्ले उघडताना यायचं. पाणी आत, आणि तरी बुडत नाही? तिनं मान वर करून अबू सालेमांना विचारलं, "बाबा, ये होडी है क्या?"

म्हाताऱ्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय समजलं त्यांना, देव जाणे. त्यांनी काठी रोवून शाशा स्थिर केली आणि सावकाश म्हणाले, "होडी? नहीं बेटी. ये तो खजूर है."

रेखा चढली.

शाशा वळवून अबू सालेमांनी ती मुळांच्या दुसऱ्या अंगाला नेली, मुळांत अडकलेली दोरी मोकळी झाली, आणि थोड्या वेळानं पाण्याखाली तांब्याचा एक लखलखीत हंडा कलंडल्यासारखं काहीतरी दिसलं. तांबोशी. रेखाच्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. अबू सालेम "माशाल्ला" म्हणाले. रेखानं तिला मांडीवर घेतलं आणि ती हसायला लागली, मग रडायला लागली, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की माशाला हात लावावा. मी लावला. थंड, घट्ट, आणि आत कुठंतरी धडधडणारा.

त्या रात्री ती तांबोशी रेखानं रांधली नाही. फ्रीजरमध्ये ठेवली. "तो येवंदे," एवढंच म्हणाली.

सदानंद यायच्या दिवशी आला नाही. समुद्रावर शमाल हा उत्तरेकडचा वादळी वारा सुटला होता. शहरातसुद्धा आकाश पिवळं झालं होतं आणि खिडक्यांच्या फटींतून बारीक वाळू आत येऊन चादरींवर बसत होती. तेव्हा हातात फोन नसायचे. टगच्या ऑफिसात विचारलं की "इन्शाल्ला, कल," एवढंच उत्तर यायचं. रेखा खाडीवर यायची बंद झाली. माझ्याकडे येऊन बसायची, डाळ निवडायची. तिनं मला दोष दिला नाही, स्वतःलाही दिला नाही. पण दर थोड्या वेळानं घरी जाऊन फ्रीजरचं दार उघडून बघायची, जसं काही त्या माशालाच काही ठाऊक असावं.

मग एका दुपारी जिन्यात बूट वाजले. सदानंद दारात उभा राहिला, भुवयांतसुद्धा मीठ साचलेलं. मी तिच्या स्वयंपाकघरात होते. तो बॅगही खाली ठेवतो न ठेवतो तोच रेखानं सगळं सांगून टाकलं. काठी, लूर्देस, कलबा, तांबोशी, भरती, एका दमात, त्याच्याकडे न बघता. शेवटी म्हणाली, "नि मी तेच्यात चढलंय."

सदानंदनं बूट काढले. एसी घरघरत होता. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि जाववत नव्हतं.

"केवढी होती?" त्यानं विचारलं.

रेखानं फ्रीजर उघडला. त्यानं ती दगडासारखी गोठलेली तांबोशी दोन्ही हातांत घेतली, वजन केलं, जबड्यात गरी कुठं लागली होती ते बोटानं चाचपलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता. हेवा होता. "गावाक आमी जाळा टाकतो, सगळी एकदम येतत," तो हळूच म्हणाला. "एकटी अशी ओढताना कशी लागता गो?"

त्या दिवशी त्यांच्या घरातून तांबोशीच्या सारातल्या कोकमाचा नि तिरफळाचा वास जिन्याभर पसरला. मी जेवले नाही. पण स्वयंपाकघरात बसून राहिले, ती दोघं जेवत होती तोवर.

पुढच्या सुट्टीपासून तोही आमच्याबरोबर येऊ लागला. दर्यावर्दी माणूस, पण गरवणं त्याला कधी जमलं नाही. धीर नव्हता. ठोका लागला की लगेच ओढायचा. रेखा ओरडायची, "अरे, तेका खावंदे तरी!" अबू सालेम हसून खोकायचे. असे किती हिवाळे गेले, मी मोजले नाहीत. मग एका वर्षी शाशा वाळूत तशीच पडलेली दिसली, दोऱ्या सुटलेल्या. म्हातारे कुठं गेले, विचारायला कुणी नव्हतं. आमची बदली अबुधाबीला झाली. सदानंद आणि रेखा वेंगुर्ल्याला परतली. लूर्देसच्या काठ्यांतली एक तिनं सामानात बांधली, विमानतळावर ती लांबीला बसेना म्हणून मधे कापली, असं नंतर कळलं.

आता कलब्याच्या खाडीला कुंपण आहे. तिवरं पूर्वीपेक्षा दाट झाली आहेत. मासे धरायचे नाहीत. एका पिवळ्या, हलक्या होडीतून वल्हं मारत आत जाता येतं. तन्वी पुढे बसली, मी मागे. पाणी इतकं नितळ होतं की खाली वाळूवर आमची सावली पोहत होती, आणि तिच्यातून मासे जात होते.

"आई, लुक! रेड वन! दॅट्स सो ब्यूटिफुल! व्हॉट इज इट?"

"तांबोशी," मी म्हटलं.

तिनं मागे वळून बघितलं. "हाउ डू यू नो दॅट?"

मग मी तिला सांगितलं. सगळं, इथं लिहिलंय तसंच, मधे थांबत. तिनं फोन काढला नाही. माझं संपल्यावर मात्र काढला आणि म्हणाली, "कॉल हर. आत्ताच्या आत्ता."

वेंगुर्ल्यात दुपार सरली असेल. बराच वेळ रिंग वाजली. मग फोन उचलला गेला. आधी नुसता वारा, मग लाटा, मग कुठल्यातरी मुलींचं खिदळणं.

"रेखा, मी बोलतेय. ओळख कुठून—"

"वैनी, आता नको गो!" ती धापा टाकत ओरडली. "लागलोहा! मोठो आसा!"

आणि फोन बहुतेक वाळूत पडला, कारण पुढे कितीतरी वेळ आम्ही दोघी त्यातून तिला ऐकत राहिलो.